वस्तऱ्याची धार भिंगाखाली: नक्की बघायचं काय?

खुरटीदाढी

मंडळी, एक कोडं पडलंय. जाणकारांनी सोडवावं.

माझ्याकडे दोन वस्तरे आहेत. एक रुंद पात्याचा, पाठीपासून धारेपर्यंत १९ मिमी. दुसरा जरा अरुंद. दोन्ही मी घरीच दगडावर लावतो. १०००, ४०००, ८००० क्रमांकाचे दगड (आकडा मोठा तेवढा दगड बारीक) आणि शेवटी चामड्याचा पट्टा. हल्लीच कॉम्प्युटरला जोडायचा डिजिटल मायक्रोस्कोप घेतला आणि तेव्हापासून डोक्याला ताप झालाय.

रुंद वस्तरा पडद्यावर बघावा तर बेव्हल (धारेलगतचा घासलेला उतार) लख्ख, ओरखडा शोधून सापडत नाही, धार एकदम सरळ. पण दाढीला घेतला की हनुवटीखाली केस असे ओढतो की डोळ्यांत पाणी येतं. अरुंद वस्तऱ्याचं बेव्हल ओरखड्यांनी भरलेलं, धारही किंचित दातेरी दिसते, आणि दाढी मात्र अशी होते की पातं गालावरून गेलेलं कळतही नाही.

आता विश्वास कुणावर ठेवायचा, भिंगावर की गालावर? किती पट मोठं करून बघावं, कोणत्या पायरीवर बघावं, आणि बघायचं म्हणजे नेमकं काय शोधायचं?

गुळगुळीत

गालावर. धागा संपला. :)

निसणा

गुळगुळीत यांच्याशी सहमत, पण अर्धाच. काहीतरी बिघडलंय एवढंच गाल सांगतो. कुठे बिघडलंय आणि कोणत्या दगडावर परत जायचं, हे विचारायला भिंगाकडेच यावं लागतं.

खुरटीदाढी, तुम्ही पडद्यावर बघताय तो बेव्हलचा चेहरा. धार म्हणजे दोन बाजूंचे उतार जिथे एकमेकांना भेटतात ती जागा. उतार कितीही चकचकीत केले तरी ते भेटलेच नसतील तर मध्ये एक चिंचोळी सपाटी उरते. बेव्हलवर सरळ वरून बघताना ती दिसत नाही, कारण तेव्हा तुम्ही तिच्याकडे बाजूने बघत असता. म्हणून सगळं छान दिसतं आणि केस मात्र ओढले जातात.

असं करून बघा. वस्तरा असा धरा की पाठ खाली आणि धार वर, थेट भिंगाकडे. दिवा एकच ठेवा, भिंगाच्या लगत. आता पातं हळूहळू या अंगावरून त्या अंगावर कलतं करा. धार पूर्ण असेल तिथे चमक दिसणार नाही, नुसता काळोख. सपाटी उरली असेल तिथून प्रकाश परत येतो आणि पांढरं चमकतं. सुटा ठिपका चमकला तर तिथे बारीकसा खांडा, म्हणजे खाच, आहे. सलग रेघ चमकली तर त्या पट्ट्यात उतार भेटलेलेच नाहीत, आणि मग ८००० च्या दगडावर कितीही घासलंत तरी काही होणार नाही. १००० वर परत जावं लागेल.

याला महागडं काही लागत नाही. १० पट भिंग आणि दिव्याची योग्य जागा, बस्स.

तुमच्या मायक्रोस्कोपला पुढे गोल एलईडीची माळ आहे का? असेल तर ती बंद करून हा प्रयोग करा.

प्रयोगवही

निसणा यांनी सांगितलेली चमक का दिसते, यामागचं थोडं भौतिकशास्त्र. ज्यांना कंटाळा आहे त्यांनी पुढचा प्रतिसाद वाचावा.

निरोगी डोळ्याला २५ सेमी अंतरावरून साधारण ०.०७ ते ०.१ मिमीपर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. म्हणजे ७० ते १०० मायक्रॉन, एका केसाची जाडी. १० पट भिंगाने तेच ७ ते १० मायक्रॉनवर येतं. तिथून पुढे नुसतं ‘मोठं’ करून भागत नाही, कारण प्रकाशाची तरंगलांबी आड येते. मायक्रोस्कोपच्या १० पट ऑब्जेक्टिव्हवर (वस्तूकडच्या भिंगावर) ‘०.२५’ असा आकडा कोरलेला असतो, ४० पटवर ‘०.६५’. प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली आणि तिला त्या आकड्याच्या दुपटीने भागलं की त्या भिंगाची मर्यादा मिळते: पहिल्याची सुमारे १.१ मायक्रॉन, दुसऱ्याची सुमारे ०.४. अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडलेला हा हिशोब आहे आणि साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला तो चुकवता येत नाही.

आता दाढीला चालणारी धार टोकाला अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असते. म्हणजे चांगली धार तुम्हाला कोणत्याच साध्या मायक्रोस्कोपमधून ‘दिसत’ नाही. वाईट धार मात्र दिसते. सपाटी एका मायक्रॉनची असली तरी तिच्यावरून परतणारा प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. तारा दुर्बिणीतूनही ठिपकाच राहतो, पण दिसतो ना, तसं. त्या रेघेची जाडी मोजता येणार नाही, ती आहे एवढं नक्की कळतं. त्यामुळे भिंगाखाली ‘काहीच दिसलं नाही’ ही चांगली बातमी.

पट वाढवण्याचा आणखी एक तोटा. १० पट ऑब्जेक्टिव्हला फोकसची खोली जेमतेम ८-१० मायक्रॉन मिळते, ४० पटला एखादा मायक्रॉन. बेव्हल जरा कललेलं असलं की त्याची एक पट्टीच स्पष्ट दिसते, बाकी धुकं. लोक त्या धुक्यालाच बोथट धार समजतात आणि परत दगड काढतात.

गुळगुळीत

म्हणजे एवढं सगळं करून शेवटी चांगली धार दिसतच नाही! मी पहिल्याच ओळीत काय म्हटलं होतं?

तिरकी_नजर

गुळगुळीतराव, तुमचा मुद्दा वाचणाऱ्यांपर्यंत पोचला आहे. :D

भिंगांबद्दल थोडं. बाजारात ‘३० पट’, ‘६० पट’ असं छापलेली घडीची भिंगं मिळतात, त्यांच्या आकड्यावर जाऊ नका. साध्या भिंगाचा हिशोब सोपा आहे: २५० ला फोकसच्या अंतराने (मिमीमध्ये) भागा. १० पट भिंग वस्तूपासून सुमारे २५ मिमीवर स्पष्ट दाखवतं, खरं ३० पट असेल तर ८ मिमीवर यावं लागेल. तुमचं ‘३० पट’ भिंग इंचभर अंतरावरून स्वच्छ दाखवत असेल तर ते १० पटच आहे. काच २० मिमी व्यासाची असून ३० पटचा दावा असेल तरी शंका घ्या. इतक्या जवळ फोकस होणारी एवढी मोठी काच नीट चित्र देऊच शकत नाही.

घ्यायचंच तर तीन काचा जोडून केलेलं १० पट ट्रिपलेट घ्या. कडेला रंगाची झालर येत नाही, सरळ रेघ सरळच दिसते. धार बघताना हे फार महत्त्वाचं आहे, कारण हलक्या भिंगाच्या कडेला सरळ धारही कमानीसारखी दिसते आणि माणूस उगाच पात्याला दोष देतो. १० पटने बेव्हल जमवण्याचं सगळं काम होतं. २० पट असलं तर ४००० नंतर बघायला बरं.

डोळ्याला त्रास होत असेल किंवा हात थरथरत असतील तर २० ते ४० पटचा स्टिरिओ मायक्रोस्कोप. दोन्ही डोळ्यांनी बघता येतं, खाली हातभर नाही पण चांगली १० सेमीच्या आसपास मोकळी जागा मिळते, आणि पातं हवं तसं कलतं करता येतं. माझ्या मते वस्तऱ्यासाठी याहून चांगलं यंत्र नाही.

आणि प्रकाश! निम्मं काम प्रकाशाचं आहे. गोल एलईडीची माळ सगळीकडून सारखा उजेड टाकते आणि ओरखडे पुसून टाकते. खुरटीदाढींचं ‘लख्ख’ बेव्हल त्यातलंच असणार. एकच दिवा एका बाजूने, तिरका. ओरखड्याला आडवा उजेड पडला की तो उठून दिसतो, ओरखड्याच्याच दिशेने पडला की गायब. त्यामुळे दिवा एका जागी ठेवून पातं फिरवायचं, किंवा उलट. एकाच कोनातून बघून निकाल द्यायचा नाही.

जुनी_पोथी

जरा विषयांतर, पण राहवत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये ‘मायक्रोग्राफिया’ हे मायक्रोस्कोपखालच्या निरीक्षणांचं पुस्तक छापलं. त्यातलं पहिलं निरीक्षण सुईच्या टोकाचं आणि दुसरं चक्क वस्तऱ्याच्या धारेचं! नुकतीच दगडावर लावलेली धारसुद्धा त्याला जाड, ओबडधोबड आणि ओरखड्यांनी भरलेली दिसली. चित्रात धारेवरून परतणारा उजेड त्याने पांढऱ्या रेघेने दाखवला आहे. म्हणजे निसणा सांगतायत ती चमक साडेतीनशे वर्षांपूर्वीच कुणीतरी बघून ठेवलेली आहे.

गंमत अशी की त्या काळीही लोक त्याच वस्तऱ्यांनी दाढी करतच होते.

गुळगुळीत

हूकसाहेब आमच्या बाजूचे निघाले.

खुरटीदाढी

सगळ्यांचे आभार. दिव्यांची माळ बंद केली, टेबलावरचा दिवा बाजूला ठेवला आणि बेव्हलवर अचानक ओरखडे उगवले! तिरकी_नजर यांचं बरोबर होतं.

मग रुंद वस्तऱ्याची धार वर करून बघितली. टोकाकडून मधोमधपर्यंत काही नाही, अगदी काळं. मधून पुढे, मुठीकडे येताना, आधी तुटक ठिपके आणि मग शेवटपर्यंत एक बारीक पांढरी रेघ. हनुवटीखाली मी नेमका तोच भाग वापरतो, कारण टोकाची मला भीती वाटते.

पण असं अर्ध्याच पात्याला का व्हावं? दगड तर सपाट आहे, दर वेळी घासून सपाट करून घेतो.

निसणा

आता मजा आली. काळ्या मार्कर पेनने दोन्ही बाजूंची बेव्हलं रंगवा, अगदी धारेपर्यंत. मग ८००० च्या ओल्या दगडावर हाताच्या वजनाहून जास्त दाब न देता एकेकच हात फिरवा आणि भिंगाखाली बघा शाई कुठे उरली. मुठीकडच्या भागात धारेलगत शाई शिल्लक असणार, पैजेवर सांगतो. कारण तेही कळेल. पात्याच्या मुठीकडच्या टोकाला, म्हणजे टाचेशी, जो जाड खांदा असतो तो बघा. त्यावर दगड घासल्याची खूण आहे का?

काठावरचा

मला वेगळीच शंका येते. आधी कधी पाठीला टेप लावून घासला होता का? वस्तऱ्याची पाठ हीच त्याची कोनाची पट्टी असते. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकतात, त्यामुळे कोन हाताने सांभाळावा लागत नाही. १९ मिमी रुंद पात्याची पाठ ५.४ मिमी जाड असेल तर दोन्ही बाजू मिळून कोन साधारण १६ अंश भरतो. पाठीवर विजेच्या टेपचा एक थर चढवला की तो जवळजवळ एका अंशाने वाढतो. आकडा किरकोळ वाटतो, पण टेपने धार जमवून मग टेप काढून ८००० वर गेलात तर दगड बेव्हलच्या मागच्या भागावरच घासत बसतो, धारेला शिवतच नाही.

भिंगाखाली हे लगेच ओळखू येतं. बेव्हलवर दोन पट्टे दिसतात, मागचा चकचकीत, आणि धारेलगत एक नाजूक, जुन्या ओरखड्यांचा वेगळ्या झाकेचा. पातं कलतं करताना तो पट्टा वेगळ्या कोनात चमकतो, तीही खूण.

खुरटीदाढी

टेप कधीच लावलेली नाही, त्यामुळे ती शक्यता नाही. दोन पट्टेही नाहीत.

मार्कर मात्र निसणा म्हणाले तसाच! टोकाकडे शाई साफ. टाचेकडे धारेला लागून काळी पट्टी तशीच. आणि हो, खांद्याच्या कडेवर चकचकीत घासल्याची खूण आहे. कधी लक्षच गेलं नव्हतं.

निसणा

बास. पातं वर्षानुवर्षं झिजून अरुंद झालं की टाचेची धार खांद्याच्या जवळ येते. मग हात फिरवताना खांदा दगडाच्या कडेवर चढतो आणि टाचेकडचं पातं केसभर वर उचललं जातं. तुम्हाला हाताला ते जाणवत नाही. टोकाकडची अर्धी धार लागते, टाचेकडची तशीच राहते.

उपाय असा. खांदा दगडावर येऊच द्यायचा नाही. त्याला दगडाच्या बाहेर ठेवून हात फिरवा, आणि पातं काटकोनात न धरता थोडं तिरकं धरा, टाच पुढे. दगड रुंद असेल तर त्याच्या एका कडेपाशीच काम करा. खांदा फारच आड येत असेल तर टाचेचा कोपरा थोडा घासून गोल करून घेतात, पण ते काम आधी कुणाकडून तरी बघून घ्या. घाईने केलं तर पातं कायमचं वेडंवाकडं दिसतं.

आणि सुरुवात १००० पासून. ८००० ने ती सपाटी जन्मात जाणार नाही. १००० वर पांढरी रेघ टाचेच्या शेवटापर्यंत पूर्ण नाहीशी झाली की मगच पुढचा दगड. भिंगाचं खरं काम इथेच आहे, १००० वर. पुढे मी स्वतः फारसं बघत नाही.

प्रयोगवही

शेवटच्या वाक्याला किंचित विरोध. ४००० नंतरही एकदा बघावं, पण वेगळी गोष्ट शोधायला.

जपानी मापाने १००० च्या दगडातला कण सरासरी ११.५ मायक्रॉनचा, ४००० चा ३ आणि ८००० चा सुमारे १.२ मायक्रॉनचा. म्हणजे १००० ने पाडलेले चर ८००० ने घासून काढायचे म्हटलं तर फार घाम गाळावा लागतो. मध्ये ४००० ने ते काढलेले असले पाहिजेत. पण नुसतं बघून कोणता ओरखडा कोणत्या दगडाचा हे सांगणार कसं? युक्ती सोपी आहे. दर दगडावर हाताची दिशा बदला. १००० वर धारेला काटकोनात, ४००० वर एका बाजूला तिरकं, ८००० वर उलट तिरकं. भिंगाखाली दिशेवरूनच कळतं कोण मागे राहिलंय. ४००० नंतर काटकोनातला एकही चर धारेपर्यंत पोचत नसेल तर पुढे जा.

‘धारेपर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. बेव्हलच्या मधोमध एखादा खोल चर राहिला तर राहू द्या, तो केस कापायला येत नाही. त्याच्या मागे लागून लोक निम्मं पातं घासून टाकतात. पण तोच चर जिथे धारेला जाऊन भिडतो तिथे दाता पडतो.

खुरटीदाढींच्या दुसऱ्या वस्तऱ्याचं कोडंही यातच सुटतं. बेव्हलभर ओरखडे आहेत, पण उतार पूर्ण भेटलेले आहेत आणि ओरखडे बारीक आहेत. पडद्यावर दातेरी दिसतं ते मायक्रॉन-दोन मायक्रॉनचं असणार. दाढीचा केस त्याच्या कित्येक पट जाड आहे, त्याला ते जाणवतही नाही.

चमचमाट

वाचनखूण साठवली. माझा अनुभव वेगळा आहे, कुणी सांगू शकेल का? माझी धार ८००० नंतर सरळ दिसते, वर धरून चमकही नाही. हातावरचा केस टेकवला की तुटतो. पहिला गाल सुरेख होतो. दुसऱ्या गालावर येईपर्यंत वस्तरा जणू दुसऱ्याचाच. भिंगाखाली धरलं तर धारेत तुकडे पडल्यासारखे दिसतात.

निसणा

तार आहे ती. म्हणजे बर. धारेच्या पुढे पोलादाची अतिशय पातळ झालर निघते, तीच धार असल्यासारखी कापते आणि मग पहिल्या शंभर केसांत तुटून जाते. कारण बहुतेक वेळा दाब. वस्तरा पोकळ घासलेला, म्हणजे दोन्ही अंगांनी आत खोलगट असतो, पातं पातळ असतं, जोर दिला की ते वाकतं आणि एका बाजूचा दगड दुसऱ्या बाजूला झालर ढकलतो.

ओळखायची तर एका बाजूने बघून भागणार नाही. पातं उताणं-पालथं करून दोन्ही बाजूंनी, तिरक्या उजेडात. एका बाजूने धारेलगत चमकदार कड दिसते आणि पातं उलटलं की त्याच जागी सावली. ती झालर एका अंगाला वळलेली असते म्हणून. कापसाचा बोळा बेव्हलवरून धारेच्या बाहेर हलकेच ओढला तर तंतू एकाच बाजूने अडकतात.

काढायला पुन्हा ४००० वर जा आणि दाब पार कमी करत आणा. शेवटचे हात फक्त पात्याच्या वजनाचे. प्रत्येक हातागणिक बाजू बदला, एका बाजूला दहा आणि मग दुसऱ्या बाजूला दहा असं नको.

काठावरचा

मी झालर काढायला धार दगडावर उभी धरून एक अगदी हलका हात ओढतो. झालर तुटून जाते, वर धरलं की पांढरी रेघ दिसते, मग ती रेघ जाईपर्यंत परत हात फिरवायचे. निदान शून्यापासून सुरुवात होते आणि भिंगाने प्रगती मोजता येते.

निसणा

मला ते पटत नाही. एका झालरीसाठी चांगली जमलेली धार मोडायची कशाला? पोलाद वाया जातं. पण हेही खरं की नवशिक्याला त्याचा एक फायदा होतो, सगळी धार एकसारखी बोथट झाली की कुठे लागतेय आणि कुठे नाही ते स्वच्छ दिसतं. चमचमाट, आधी दाब कमी करून बघा. नाहीच जमलं तर काठावरचा यांचा उपाय.

जुनी_पोथी

धारेतले तुकडे नेहमी बरचेच असतात असं नाही हं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑगस्ट २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक काम छापलं. केस पोलादापेक्षा पन्नास पट मऊ, तरी दाढी करून पातं खराब का होतं? इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांना दिसलं की धार हळूहळू गोल होण्याऐवजी तिचे टवके उडतात. केस वाकून धारेला तिरका भेटला आणि नेमकी त्या जागी पोलादाची घडण असमान असली की टवका उडतो. त्यांची पाती दुकानात मिळणारी वापरून फेकायची होती, आपल्या वस्तऱ्यांचं पोलाद वेगळं. पण यावरून एवढं धरायला हरकत नाही की दाढीपूर्वी केस नीट भिजवून मऊ करण्याला आणि पातं चपटं, कमी कोनात ठेवण्याला अर्थ आहे.

तिरकी_नजर

जुना वस्तरा विकत घेताना तर भिंग खिशात हवंच. धारेजवळ काळे ठिपके दिसले तर सावध. गंजाचा खड्डा वरून सुईच्या टोकाएवढा असतो, आत किती पसरलाय हे सांगता येत नाही. दगडावर घासत गेलात की धार मागे सरकत सरकत नेमकी त्या खड्ड्यात जाते आणि तिथे खांडा पडतो. परत घासा, पुढचा खड्डा वाट बघत असतो. खड्डे धारेपासून लांब, पाठीकडे असतील तर खुशाल घ्या.

चमचमाट

माझ्याकडे शाळेतला जुना, खालून उजेड टाकणारा मायक्रोस्कोप आहे. ४० पट ऑब्जेक्टिव्हसकट. तो चालेल का?

प्रयोगवही

तो काचपट्टीवरच्या पारदर्शक नमुन्यासाठी केलेला आहे. पोलादातून उजेड आरपार जात नाही, त्यामुळे खालच्या दिव्याने फक्त धारेची काळी आकृती दिसेल. त्यात मोठे खांडे कळतील, बाकी काही नाही. वरून दिवा टाकायचा म्हटलं तर ४० पट ऑब्जेक्टिव्ह वस्तूच्या जेमतेम अर्धा-पाऊण मिमी वर असतं, मध्ये उजेड शिरायला जागाच नाही. शिवाय ते ०.१७ मिमीच्या काचेखालचं बघायला जमवलेलं असतं, उघड्या पोलादावर चित्र धूसर येतं. आणि फोकस करताना एकदा जरी धार काचेला टेकली तर दोन्ही कामातून गेले. त्यावरचं ४ पट किंवा १० पट ऑब्जेक्टिव्ह वापरा, बाजूने तिरका दिवा द्या, उत्तम काम होईल. ज्यात ऑब्जेक्टिव्हमधूनच खाली उजेड जातो तो धातूंसाठीचा मायक्रोस्कोप वेगळा.

तिरकी_नजर

एक काळजी. हातातलं भिंग डोळ्याला लावायचं आणि पातं भिंगाकडे आणायचं, अशी रीत आहे खरी. पण म्हणजे उघडा वस्तरा डोळ्यापासून इंचभर. कोपरं टेबलावर टेकवा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकलेली ठेवा म्हणजे हात एकदमच हलतात. घरात लहान मुलं, मांजर असेल तर दार लावून घ्या.

खुरटीदाढी

टाचेचं काम झालं. खांदा दगडाबाहेर ठेवून १००० वर बराच वेळ गेला. पांढरी रेघ आधी तुटक झाली, मग ठिपके, मग तेही गेले. ४००० नंतर प्रयोगवही यांनी सांगितलेली दिशा बदलायची युक्ती वापरली, तीन उभे चर मागे राहिलेले सापडले. ८००० आणि पट्टा झाल्यावर दाढी केली, हनुवटीखालीसुद्धा ओढ नाही.

आता एक शंका राहिली. पट्ट्यानंतर बघितलं तर धारेवर एक ठळक खांडा दिसला, दाढीत मात्र काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर तो खांडा दुसरीकडे!

निसणा

कापसाचा तंतू किंवा दगडाच्या गाळाचा कण असेल. धारेवर पाण्याचा थेंब सुकला तरी त्याची कड अशीच दिसते. बघण्याआधी पातं स्पिरिटने पुसा, पुसताना पाठीकडून धारेकडे, कधीही धारेच्या लांबीने नाही. आणि कागदी रुमाल नको, त्याचेच तंतू सुटतात. पुसून जागचा न हलणारा तेवढाच खांडा.

चमचमाट

शेवटचं विचारतो. डिजिटल मायक्रोस्कोपवर ‘१००० पट’ लिहिलंय. खरं किती ते घरी तपासता येईल?

प्रयोगवही

पडद्यावरच्या चित्राला ‘पट’ लावण्यात अर्थच नाही, पडदा मोठा घेतलात की पटही वाढले. त्यापेक्षा चित्रात प्रत्यक्ष किती मिमी मावतात ते बघा. मोजपट्टी खाली ठेवा, मिमीच्या दोन रेघा आणि त्यांच्यामधले पिक्सेल मोजा. १ मिमी जागेत १६०० पिक्सेल मावले तर एका पिक्सेलला ०.६ मायक्रॉन, त्याहून बारीक तर दिसणारच नाही, आणि बहुधा तेवढंही नाही, कारण भिंग आधीच हात टेकतं. पट्टी स्टीलची, कोरलेल्या रेघांची घ्या. प्लास्टिकच्या पट्टीवरची रेघच इतकी जाड दिसते की कुठून मोजायचं तेच कळत नाही.